भाडोत्री म्हणायचं कुणाला?

सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशी पूर्ण झाल्यावर, त्यालाच पुन्हा भारताची जर्सी घालून मैदानात उतरावं लागलं. एवढ्या मोठ्या देशात गोल करणारा दुसरा मिळेना, याची आपल्याला लाज वाटायला हवी होती. ती वाटण्याऐवजी आपण आरोपी शोधला, आणि तो नेहमीप्रमाणे बाहेरचा निघाला. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) येणारे, तिशी गाठलेले परदेशी स्ट्रायकर. ‘भाडोत्री लेकाचे. चार महिने खेळतात, पैसे खिशात घालतात आणि पुढच्या गावाला लागतात. यांना ना गावाचं सोयर ना जर्सीचं सुतक.’ हा सूर मी पुण्यात ऐकलाय, कोल्हापुरात ऐकलाय, गोव्यातही ऐकलाय. समोरून जे उत्तर येतं तेही तितकंच आळशी असतं: ‘बाजार आहे बाबा, जिथे जास्त पैसे तिथे माणूस जाणारच. भावना कशाला मध्ये आणता?’ एकाने फिरत्या खेळाडूला गद्दार ठरवलं, दुसऱ्याने वाणी. माझ्या मते दोघांनीही तो माणूस धड पाहिलेला नाही. गावोगाव फिरणारा स्ट्रायकर हा कारागीर असतो. निष्ठा त्याच्याकडे असते, ती कामाशी असते. आणि क्लबवरची, गावावरची जी निष्ठा आपण त्याच्याकडे मागतो, ती क्लबने त्याला कधी दिलेली नसते. कधी कधी तर देशानेही दिलेली नसते. हे लख्ख दिसतं ते सर्बियाच्या खेळाडूंकडे पाहिलं की.

आंद्रिया कालुजेरोविच हे नाव दिल्ली डायनामोजच्या जुन्या चाहत्यांना आठवत असेल. १९८७ चा जन्म, बेलग्रेडचा मुलगा. २०१०-११ च्या सर्बियन लीगमध्ये बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबकडून खेळताना त्याने इवित्सा इलियेवच्या जोडीने सर्वाधिक, १३ गोल केले होते. त्यानंतर बीजिंग, स्पेनचं सांतांदेर, स्वित्झर्लंडचं तून, ऑस्ट्रेलियाचं ब्रिस्बेन, न्यूझीलंडचं वेलिंग्टन आणि २०१८ मध्ये दिल्ली. ही यादीसुद्धा पूर्ण नाही. दिल्लीत त्याचं काही जमलं नाही, हंगाम संपायच्या आधीच तो निघून गेला. झालं, ‘भाडोत्री’ शब्दाला उदाहरण मिळालं. पण पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. ज्या क्लबला तो सोडून गेला, तो क्लब २०१९ मध्ये स्वतःच दिल्ली सोडून गेला. मालकांनी तो उचलून भुवनेश्वरला नेला आणि नाव ठेवलं ओडिशा एफसी. त्याच वर्षी आपल्याकडे एफसी पुणे सिटी बंद झाली आणि लीगमधली तिची जागा हैदराबादने घेतली. फक्त दीड वर्षापूर्वी हाच पुण्याचा संघ रांको पोपोविच नावाच्या सर्बियन प्रशिक्षकाच्या हाताखाली उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. बालेवाडीत बंगळुरूशी ०-० बरोबरी, परतीच्या सामन्यात छेत्रीची हॅटट्रिक, खेळ खलास. भगव्या जर्सी घालून बालेवाडीला जाणाऱ्यांनी पुढच्या वर्षी कुणाला पाठिंबा द्यायचा होता? हैदराबादला? खेळाडू गाव बदलतो तेव्हा आपण त्याचं चारित्र्य काढतो. क्लब गाव बदलतो तेव्हा त्याला ‘व्यावसायिक निर्णय’ म्हणतो.

अर्थात कालुजेरोविच हे सोपं उदाहरण झालं. भाडोत्रीपणाचा आरोप किती पोकळ आहे हे पाहायचं तर त्याच्याआधीच्या पिढीतला सावो मिलोशेविच घ्यावा. (युद्धकाळातला सर्बियाचा राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच याच्याशी त्याचं नातं नाही. पण नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये हे आडनाव पाठीवर घेऊन फिरणं म्हणजे काय असेल, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.) जन्म १९७३ चा, बोस्नियातल्या बियेलिनाचा. बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबमध्ये तो मोठा झाला. मोठा झाला तो काळ कसा? २९ मे १९९१ ला रेड स्टारने इटलीतल्या बारीमध्ये मार्सेला पेनल्टींवर हरवून युरोपियन कप जिंकला. ३० मे १९९२ ला, म्हणजे बरोबर एक वर्ष आणि एक दिवसाने, संयुक्त राष्ट्रांनी बोस्नियातल्या युद्धावरून युगोस्लाव्हियावर (सर्बिया त्यातलाच) निर्बंध लादले, आणि त्यांत खेळही होता. मधल्या हंगामात युरोपच्या विजेत्या संघाला आपले घरचे सामने हंगेरीत आणि बल्गेरियात खेळावे लागले. युरो १९९२ च्या तोंडावर देशाचा संघ स्पर्धेतून काढला गेला, त्याच्या जागी डेन्मार्कला बोलावलं आणि डेन्मार्कने ती स्पर्धाच जिंकली. डिसेंबर १९९३ मध्ये बेलग्रेडमध्ये ५०० अब्ज दिनारची नोट छापली जात होती, सकाळी हातात पडलेला पगार संध्याकाळपर्यंत कागद होऊन जायचा. अशा त्या लीगमध्ये १९९४-९५ ला मिलोशेविचने ३० गोल केले. बघणारं कोण होतं? परदेशी संघांशी सामने जवळपास नाहीत, बाहेरून कुणी येत नाही. इंग्लंडच्या अॅस्टन व्हिलाने त्याला १९९५ मध्ये ३५ लाख पौंडांना घेतलं ते व्हिडिओ टेप पाहून, असं सांगितलं जातं. इंग्रजी वर्तमानपत्रांना तो मोठा विनोद वाटला. ज्या मुलाला बघायला जाण्याची वाटच जगाने बंद केली होती, त्याला टेपवर नाही बघायचं तर कशावर बघायचं?

व्हिलामध्ये तो चुकायचा. खूप चुकायचा, हे मान्य. आडनावाची मोडतोड करून तिथल्या लोकांनी त्याला ‘मिस-अ-लॉट-एविच’ केलं. मार्च १९९६ मध्ये वेम्बलीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात लीड्सविरुद्ध पहिला गोल त्याने लांबून, डाव्या पायाने मारला, व्हिलाने कप ३-० ने घेतला, तरी नाव काही सुटलं नाही. जानेवारी १९९८ मध्ये ब्लॅकबर्नला संघ ५-० हरत असताना तो आपल्याच प्रेक्षकांच्या दिशेने थुंकला. हे समर्थनीय नाही आणि मी करतही नाही. त्याच उन्हाळ्यात तो सारागोसाला गेला. तिथून पार्मा, पुन्हा सारागोसा, एस्पान्योल, सेल्टा, ओसासुना आणि शेवटी रशियातलं रुबिन कझान. ‘याला कुठेच मुळं धरता आली नाहीत’ असं म्हणणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ओसासुना हा पाम्प्लोनाचा छोटा क्लब २००५-०६ मध्ये स्पॅनिश लीगमध्ये चौथा आला, तेव्हा बत्तिशीतला मिलोशेविच त्यांच्या आघाडीला होता. आणि २००८ मध्ये रुबिनने आपल्या इतिहासातलं पहिलं रशियन विजेतेपद पक्कं केलं ते सॅटर्नविरुद्धच्या सामन्यात अगदी शेवटी झालेल्या गोलाने. तो गोल पस्तिशीच्या मिलोशेविचचा होता. कझानमध्ये तो जेमतेम एक हंगाम होता. भाड्याने आलेल्या माणसाने एका शहराला आयुष्यभर सांगण्यासारखी गोष्ट दिली. मुळं धरलेल्या किती जणांना हे जमतं?

आणि देश? त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना, फुटून सर्बिया आणि माँटेनेग्रोपुरत्या उरलेल्या युगोस्लाव्हियाचा. मग त्याच देशाचं नाव सर्बिया-माँटेनेग्रो झालं. २००६ च्या विश्वचषकात तो या संघाचा कर्णधार होता, आणि स्पर्धा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, ३ जूनला, माँटेनेग्रो स्वतंत्र झाला. म्हणजे जर्मनीत तो कर्णधारपदाची पट्टी बांधून उतरला तेव्हा छातीवरच्या चिन्हाचा देश नकाशावर शिल्लकच नव्हता. शेवटचा सामना खेळला तो सर्बियाचा. एकूण १०२ सामने, ३७ गोल, देशाची तीन नावं, आणि त्याचं जन्मगाव या तिन्हींतल्या एकाही देशात नाही! आता ‘निष्ठा’ हा शब्द या माणसासमोर उच्चारून बघा. कशाशी निष्ठा ठेवायची होती त्याने? जे जे धरायला गेला ते ते हातातून निसटलं. उरला तो चेंडू आणि गोलपोस्ट, आणि त्या दोघांशी तो पस्तिसाव्या वर्षापर्यंत इमान राखून होता.

युरो २००० मधला बेल्जियममधल्या शार्लरुआचा सामना ज्यांनी पाहिला असेल त्यांना मला काय म्हणायचंय ते लगेच कळेल. समोर स्लोव्हेनिया, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीपर्यंत त्याच देशाचा तुकडा. स्लोव्हेनिया ३-० ने पुढे. त्यात साठाव्या मिनिटाला युगोस्लाव्हियाचा मिहाइलोविच लाल कार्ड घेऊन बाहेर. दहा जण उरलेले, सामना गेल्यात जमा. मिलोशेविच बाकावरून उठून आला होता. ६७ व्या मिनिटाला त्याचा गोल, ७० व्याला द्रुलोविचचा, ७३ व्याला पुन्हा त्याचा. सहा मिनिटांत ३-३. त्याचं उभं राहणं बघण्यासारखं होतं: बचावपटूच्या पाठीमागे अर्धं पाऊल, चेंडू येईपर्यंत जणू आपला काही संबंधच नाही असा चेहरा, आणि मग एकदम मध्ये. स्पर्धेच्या शेवटी क्लायव्हर्टच्या बरोबरीने त्याचे सर्वाधिक ५ गोल होते. पाचवा गोल तर नेदरलँड्सकडून ६-१ असा मार खाताना, अगदी शेवटच्या मिनिटाला केलेला. सामना कधीच गेला होता. त्या गोलाने कुणाचंही काही भलं होणार नव्हतं. तरी त्याने धाव घेतली आणि चेंडू आत ढकलला. हा पैशासाठी खेळणाऱ्याचा स्वभाव आहे, की काम अर्धवट न सोडणाऱ्या सुताराचा?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. सर्बियातच तो ऐकू येतो, आणि मला तो मनापासून गंभीर वाटतो. टिटोंच्या युगोस्लाव्हियात २८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय फुटबॉलपटूला परदेशी क्लबकडे जाता येत नसे. द्रागान जायिचसारखा डावा विंगर, त्या काळातल्या युरोपातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक, १९७५ मध्ये फ्रान्सच्या बास्तियाला गेला तेव्हा २९ वर्षांचा होता. सगळी उमेदीची वर्षं त्याने रेड स्टारला दिली. परिणाम? देशातली लीग दमदार, स्टेडियम भरलेली, आणि त्या परंपरेच्या टोकाला १९९१ चा युरोपियन कप. आज मुलं मिसरूड फुटायच्या आत बाहेर जातात आणि युरोपच्या मोठ्या स्पर्धांत बेलग्रेडचे क्लब बहुतेकदा पाहुण्यासारखे येऊन जातात. मग दार बंद ठेवणंच बरं होतं, नाही का? मुद्दा आकर्षक आहे. पण त्यात एक गफलत आहे. बाहेरून कडी लावलेल्या घरात राहणाऱ्याला आपण घरावर प्रेम करणारा म्हणत नाही. जायिचची रेड स्टारवर माया होतीच, त्याबद्दल शंका नाही. पण नियमाने ती सिद्ध होत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखाच होता. शिवाय त्या नियमाची किंमत कुणी मोजली? ज्या धंद्यात माणूस पस्तिशीला म्हातारा होतो, त्यात कमाईची अर्धी वर्षं सरकारने ठरवलेल्या भावाने विकायला लावली. आणि ती भक्कम लीग मोडली ती खेळाडू निघून गेले म्हणून नव्हे. आधी देश मोडला. प्रोसिनेच्की १९९१ मध्ये माद्रिदला गेला. साविचेविच, पांचेव, युगोविच, मिहाइलोविच हे १९९२ मध्ये इटलीला गेले. मागे राहून त्यांनी खेळायचं काय होतं, निर्बंध?

दार उघडल्यावरची गंमतही सांगायला हवी. डिसेंबर १९९५ च्या, युरोपच्या न्यायालयाच्या बोस्मान निकालाने करार संपलेल्या खेळाडूला मोकळं केलं आणि युरोपियन युनियनच्या नागरिकांवरची संख्येची मर्यादा उठवली. आपल्याला वाटतं त्याने सगळ्यांचीच बेडी तुटली. सर्ब खेळाडू त्या युनियनच्या कुंपणाबाहेर राहिला. त्याला वर्क परमिट हवं, परदेशी कोट्यातली जागा हवी, आणि २००९ च्या डिसेंबरपर्यंत तर पॅरिसला नुसतं फिरायला जायचं म्हटलं तरी व्हिसा हवा. एखाद्या स्पॅनिश क्लबला परदेशी कोट्यातल्या मोजक्या जागांत कुणाला घ्यायचं असेल तर तो आधी ब्राझीलकडे बघणार. उरलेल्यांनी मग सायप्रस, तुर्कस्तान, कझाकस्तान, चीन, आखात असं जिथे दार किलकिलं दिसेल तिथे जायचं. नकाशावर ही भटकंती हौस वाटते. जवळून पाहिलं तर ती पासपोर्टने आखून दिलेली पायवाट आहे.

त्यातून स्ट्रायकरचं काम म्हणजे उघड्यावरचा हिशेब. बचावपटूने आठ सामन्यांत काय केलं हे सांगायला जाणकार लागतो. स्ट्रायकरने काय केलं हे आकडा सांगतो. मातेया केझमन या सर्ब स्ट्रायकरने नेदरलँड्सच्या पीएसव्हीसाठी १२२ लीग सामन्यांत १०५ गोल केले. २००४ मध्ये चेल्सीने उचलला, तिथे ड्रोग्बाच्या मागे बाकावर बसला, लीगमध्ये हातावर मोजण्याइतके गोल झाले, आणि वर्षभरात त्याच्यावर शिक्का बसला. मग अॅटलेटिको, फेनरबाचे, पॅरिस, झेनिट, हाँगकाँग, शेवटी बेलारूस. एका वर्षात माणूस गोल करायला विसरतो का? विसरत नाही. प्रशिक्षक बदलतो, चेंडू कुठून येतो ते बदलतं, समोर कुणी क्रॉस टाकणारा उरत नाही. जानेवारीत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी उघडली की क्लब सगळ्यात आधी नवा नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर, शोधतो, आणि जुन्याला लोनवर, म्हणजे तात्पुरता दुसऱ्या क्लबकडे, पाठवतो. क्लबने पाठवलेल्या त्या लोनचीही नोंद खेळाडूच्याच नावावर चढते: आणखी एक क्लब, आणखी एक ‘पळ’. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये सुमारे १४,००० खेळाडूंची पाहणी केली होती. ४१ टक्क्यांना मागच्या दोन वर्षांत पगार उशिरा मिळाला होता, ४५ टक्के जण महिन्याला १,००० डॉलरपेक्षा कमी कमावत होते, आणि सरासरी करार दोन वर्षांचाही नव्हता. आपण टीव्हीवर ज्यांना बघतो ते या धंद्याचे जहागीरदार. बाकीची रयत अशी आहे.

सांतांदेरच्या रासिंग क्लबचं नाव वर कालुजेरोविचच्या यादीत आलं. ३० जानेवारी २०१४ ला याच क्लबचा कोपा देल रे या स्पॅनिश चषक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीचा दुसरा सामना रेआल सोसिएदादशी होता. महिनोन्‌महिने पगार थकलेले. शिट्टी वाजली, आणि रासिंगचे अकरा जण मध्यवर्तुळाशी गेले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. सोसिएदादच्या खेळाडूंनी चेंडू आपापसांत फिरवला आणि बाहेर मारून दिला. पंचांनी मिनिटभरात सामना थांबवला. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. स्वतःच्या संघाच्या बाद होण्याला. स्पर्धेतली उपांत्य फेरीची संधी त्या मुलांनी सोडली, पण जर्सी उतरवून कुणी पळालं नाही. जर्सी घालूनच ते उभे राहिले. यांना भाडोत्री म्हणणार असाल तर म्हणा, मात्र भाडं कुणी बुडवलं तेही त्याच वाक्यात सांगा.

मराठी माणसाला तर हे कळायला जड जाऊ नये. भाडोत्री सैन्याचा इतिहास आपल्या घरचा आहे. इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडे होता, मग पेशव्यांकडे आला. पगारावर लढणारा, तोफा आणि कवायती पलटणी बाळगणारा माणूस. पानिपतावर पलीकडून धर्माच्या नावाने त्याला ओढायचे प्रयत्न झाल्याचं सांगतात. तो हलला नाही. १४ जानेवारी १७६१ ला लढला, पकडला गेला, मारला गेला. त्या दिवशी मैदानातून निघून गेलेल्यांत वतनदार होते, खानदानी होते. त्यांना भाडोत्री म्हणायची आपली टाप नाही. आता तुम्ही म्हणाल, गारद्यांचीच दुसरी गोष्ट का सांगत नाही? सांगतो. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाला मारणारा सुमेरसिंगही गारदीच. पण तिथे गारदी आत घुसले ते पगाराची ओरड करत, आणि त्यांना वापरणारे हात घरातलेच होते. कागदावर दोघांचं नातं एकच होतं: पैसे आणि तलवार. फरक पडला तो मालक कोण आणि तो चाकराला कसा वागवतो, याने.

दुसरा आक्षेप असा की हे लोक देशाचं वाटोळं करून जातात, लीग ओस पडते. सर्बियात परदेशी राबून घरी पैसे धाडण्याला जुना शब्द आहे, पेचालबा. दक्षिणेकडच्या डोंगरातले गवंडी पिढ्यान्‌पिढ्या असे जायचे. १९६८ च्या करारानंतर लाखो युगोस्लाव जर्मनीत कामगार म्हणून गेले. आपल्याकडे या माणसाला चाकरमानी म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गिरणीत गेलेल्याला गावाने कधी गद्दार म्हटलं नाही, कारण त्याच्या मनीऑर्डरवर घराची कौलं बदलत होती. फुटबॉललाही मनीऑर्डर आहे, फक्त ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. फिफाच्या नियमाप्रमाणे करार चालू असलेला खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात गेला की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. म्हणजे पोरगा बीजिंगला विकला गेला तर बेलग्रेडच्या एखाद्या उपनगरी क्लबाच्या मैदानावर नवे चेंडू येऊ शकतात. आणि त्याहून कडू गोष्ट: तिथले मोठे क्लब विक्रीवरच जगतात. लुका योविचने मे २०१४ मध्ये सोळाव्या वर्षी रेड स्टारसाठी गोल करून सर्वांत तरुण स्कोअररचा विक्रम केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये, अठराव्या वर्षी, तो लिस्बनला पोचलाही होता. क्लब कर्जात होता. पोराने जायची घाई केली की घरच्यांनी पाठवायची?

काही जण खरोखर शेवटचा चेक घ्यायला येतात, हेही मला मान्य आहे. पोट सुटलेले, दुपारच्या उन्हात चालत फिरणारे, पेनल्टी मिळाली तरच पुढे येणारे. भारतात ते मी डोळ्यांनी पाहिलेत. पण त्यांना बोलावतं कोण? व्हिडिओतली दहा वर्षांपूर्वीची चलाखी बघून सही घेणारे क्लबचेच लोक ना? खराब गवंडी आणला म्हणून सगळ्या परगावच्या गवंड्यांना शिव्या घालण्यापेक्षा ठेका देणाऱ्याचा कान धरावा.

राहता राहिला आपला स्वतःचा दुष्काळ. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर ६ परदेशी चालत. मग ५ झाले, २०२१-२२ पासून ४. परदेशी कमी केल्यावर भारतीय स्ट्रायकर उगवायला हवे होते, नाही का? उगवले नाहीत, कारण त्या चार परदेशी खेळाडूंतल्या एकाला प्रशिक्षक नऊ नंबरलाच ठेवतो. हे चुकीचं आहे असं मी म्हणू शकतो, पण नोकरी त्याची जाते, माझी नाही. म्हणून परदेशी नऊ नंबरमुळे एखाद्या भारतीय मुलाची जागा जाते, हे मी नाकारणार नाही. मात्र त्या मुलाला सोळाव्या ते बाविसाव्या वर्षात वर्षाला किती खरे सामने मिळतात, हे आधी विचारा. आठ-दहा सामन्यांवर गोल करायची सवय लागत नाही; ती लागते दर आठवड्याला चुकून, शिव्या खाऊन, पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहून. बेलग्रेडमध्ये ते मिळतं, म्हणून तिथला मुलगा चार देशांत पोट भरू शकतो.

आणि ज्याच्या नावाने आपण हा सगळा वाद घालतो, त्या छेत्रीचा प्रवास तरी बघा. मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, गोव्याचा डेम्पो, अमेरिकेत कॅन्सस सिटी, चिराग युनायटेड, पुन्हा मोहन बागान, लिस्बनमध्ये स्पोर्टिंगचा ब संघ, चर्चिल ब्रदर्स, बंगळुरू, मध्ये मुंबई सिटी. बागानकडून खेळलेला माणूस ईस्ट बंगालमध्ये! कोलकात्यात याहून मोठं पाप नसतं. तरी त्याला कुणी भाडोत्री म्हणत नाही, आणि म्हणूही नये. तो काम शोधत फिरला, शिकत गेला, गोल करत राहिला. मिलोशेविचने, केझमनने, त्या कालुजेरोविचने याहून वेगळं काय केलं? त्यांचं आडनाव आपल्याला उच्चारता येत नाही, एवढंच.

मिलोशेविचचा निरोपाचा सामना १९ नोव्हेंबर २००८ ला बेलग्रेडमध्ये झाला, पार्टिझानच्या मैदानावर, जिथून तो तेरा वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमला, व्हिलाकडे, गेला होता. समोर बल्गेरिया, सर्बियाने ६-१ ने जिंकलेला मैत्रीपूर्ण सामना. त्या रात्री त्याने दोन गोल केले आणि दोन पेनल्टी घालवल्या. लोक उभे राहून त्याचं नाव घेत होते. हाच सामना व्हिला पार्कवर असता तर दुसऱ्या दिवशीचा मथळा पेनल्टींवर झाला असता.